मोपा ते देवबाग, पेटी न टेकता

विल्सन मोपाच्या विमानतळातून बाहेर आला तेव्हा त्याला न्यायला आलेली दोन माणसं एकमेकांना ओळखत नसल्यासारखी उभी होती. ती सख्खी चुलत भावंडं होती.

विल्सनच्या भावाचा, बाबुशचा मुलगा सॅविओ डावीकडे. त्याच्या हातातल्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'विल्सन अंकल'. अ‍ॅनीची मुलगी जॉयसी उजवीकडे. तिच्याही पुठ्ठ्यावर 'विल्सन अंकल'च होतं, पण खाली बारीक अक्षरात 'अ‍ॅनीकडे' अशी पुस्ती होती. दोघांच्या मधोमध, बाकड्यावर चपला काढून, अ‍ॅनी स्वतः बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे अशी बघत होती, की जणू विमानतळ कोणीतरी तिच्याच खळ्यात न विचारता बांधलाय.

अकरा वर्षांनी न्यूझीलंडहून घरी आलेल्या माणसाला आधी मिठी मारावी की त्याचं टक्कल बघून न बघितल्यासारखं करावं, याची प्रत्येक घराची पद्धत असते. इथे तिघांनी आधी त्याच्या ट्रॉलीकडे बघितलं. ट्रॉलीवर एक निळी बॅग होती.

"चाकां आसत," सॅविओ म्हणाला.

"बघितलंय," जॉयसी म्हणाली.

सॅविओने वाकून चाकं मोजली. चाकांच्या पेटीबद्दल नियमात काहीच नव्हतं.

नियम विल्सनच्या बापाचा. बाप जहाजावर नोकरीला. वर्षातून एकदा, मे महिन्यात, देवबागेतल्या माडांच्या बागेत खुरसाकडे, म्हणजे क्रुसापाशी, लादीन ही वार्षिक प्रार्थना असायची तेव्हा यायचा, आणि त्याला आपल्याकडेच उतरवायला सगळे भाऊबंद बंदरावर ओढाओढ करायचे. शेवटी त्याने ठरवून टाकलं: लादीनीच्या दिवशी सगळ्यात लांबून जो येईल, त्याची पेटी पहिल्यांदा जिथे टेकेल, पुढचं वर्ष तिथलं. वर्ष म्हणजे खुरीस, बाग, नारळ आणि होय की नाय म्हणायचा हक्क. परदेशी पांगलेली सगळी भावंडं अजूनही ज्याचं वर्ष, त्याच्याच होकाराला होकार देतात. भांडणं मिटावीत म्हणून केलेला हा नियम. त्यानंतरची घराण्यातली सगळी भांडणं या नियमावरूनच झाली.

आणि नियम म्हणजे नियम. अ‍ॅनी नवी नवरी होती त्या वर्षी सासऱ्याची पेटी एस.टी.च्या टपावरून कसालच्या स्टँडवर पडली. लादीन स्टँडवर म्हटली गेली. लादीनीनंतर वाटायचे चणे कंट्रोलरने दोनदा मागून घेतले. ते वर्ष स्टँडचं धरलं गेलं, आणि बागेतलं काहीही करायला कोणाला विचारायचं हे कोणालाच कळेना, म्हणून वर्षभर कोणी काही केलंच नाही. नारळ आपले आपण पडले.

आज लादीन होती, आणि यंदाचं वर्ष साधं नव्हतं. बागेवर एका हॉटेलवाल्या पार्टीचा डोळा होता. खुरीस उचलून रस्त्याकडेला नेऊन द्या, बाकी आम्ही बघतो, असं पार्टीचं म्हणणं, आणि ती यंदापुरतीच थांबणार होती. पुढच्या साली ती खाडीपलीकडच्या भोगवे गावाकडे बघणार. खुरसाच्या पाठीला पाठ लावून अ‍ॅनीचं दोन खोल्यांचं घर. खुरीस हलला की घर हललं.

बाबुशला खुरीस हलवायचा होता. त्याने अ‍ॅनीला मुद्दाम गाडीत बसवून पाठवलं होतं, कारण वैनीला बघितलं की विल्सन विरघळतो. जॉयसीला कोणी बोलावलं नव्हतं. ती ओरोसहून बस पकडून बांद्याला, आणि बांद्याहून रिक्षा करून आपली आपण आली होती, आणि सॅविओला हेच संशयास्पद वाटत होतं. जॉयसीसारखी ओरोसच्या सरकारी कचेरीतली माणसं कामाच्या दिवशी आपली आपण कुठेच जात नाहीत.

"चाकां आधीच जमिनीक लागली हत," तो म्हणाला. "ऑकलंडात लागली, मुंबैत लागली. धरूची काय?"

जॉयसी नियमाचं बोलायला लागली की मालवणी सोडून कचेरीतली मराठी बोलते. तिने सांगितलं की स्पर्श जिल्ह्याच्या हद्दीतलाच ग्राह्य धरावा लागेल. सध्या आपण गोव्यात आहोत. सॅविओला हे पटलं आणि पटलं म्हणून जास्तच संशय आला. शेवटी असं ठरलं की पत्रादेवीची हद्द ओलांडल्यावर बॅग कुठेही टेकता कामा नये, आणि गाडीची सीट म्हणजे टेकणं नव्हे.

मग अ‍ॅनीने चपला घातल्या, उठली, विल्सनच्या गालाला हात लावला.

"वाळलंस रे," ती म्हणाली.

आयुष्यात विल्सन कधी एवढा जाड नव्हता.

*

गाडीत पुढे अ‍ॅनी, मागे एका खिडकीला विल्सन, दुसऱ्या खिडकीला जॉयसी, आणि मध्ये बॅग. बॅगेला सीटबेल्ट लावला होता. विल्सनला नव्हता.

जॉयसीचं सगळं लक्ष रस्त्याकडे. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये एकच रस्ता. मालवणकडून त्या रस्त्याने आत शिरलं की आधी बाबुश काकाचं घर लागतं. आईचं घर पार शेवटाला. पण कुडाळवरून पाट, परुळे करत खाडीच्या अलीकडे कोर्जाईला गेलं आणि होडीने पलीकडे उतरलं, तर उतरल्या उतरल्या आईची पडवी. म्हणजे सगळा खेळ कुडाळच्या फाट्यावर होता, आणि स्टेअरिंग सॅविओच्या हातात.

बाबुशचा फोन बांदा यायच्या आत तीनदा आला. प्रत्येक वेळी सॅविओने तो स्पीकरवर घेतला, म्हणजे लपवाछपवी नाही असं दिसावं. बाबुशने विल्सनला प्रवास कसा झाला हे विचारलं नाही. बॅग कशी आहे, हे विचारलं.

"बरी आसा," विल्सन म्हणाला. "वायच दमली हा."

पलीकडे बाबुश खरंच काळजीत पडला.

इन्सुलीच्या पुढे अ‍ॅनीची मान कलली आणि घोरणं सुरू झालं. जॉयसीने थोडा वेळ जाऊ दिला. मग ती विल्सनकडे वाकली आणि हळू आवाजात, बॅगेच्या डोक्यावरून, तिने त्याला समजावलं की मम्मीची काळजी करू नका. बॅग आमच्या पडवीत टेकली की पुढचं सगळं जॉयसी बघणार आहे. मम्मीचं वय झालं, लादीनीचं, बागेचं तिला झेपत नाही. तिच्या वतीने जॉयसी बोलेल.

विल्सनने विचारलं, काय बोलशील.

"ओरोसाक माका मोठो क्वार्टर गावलो हा," जॉयसी म्हणाली. "तिका वेगळी खोली. बाल्कनीत बसला की सगळा कलेक्टर ऑफिस दिसता."

गाडी एकदम हळू झाली. आरशात सॅविओचे डोळे दिसले.

"म्हणजे तू पण बाग देतलंस?"

"मगे? तुमीच देवची काय?"

सॅविओने गाडी कडेला घेतली. दोघांना एकाच वेळी कळलं की दोघेही त्याच पार्टीला भेटून आलेत. त्याला मालवणात माशाचं जेवण मिळालं होतं, तिला कुडाळात नुसती कॉफी. जॉयसीला याचा राग आला. सॅविओला वेगळ्याच गोष्टीचा आला: विमानतळापासून तो ज्या बाईला घराण्याची वैरीण समजत आला होता, ती मुळी वैरीणच नव्हती, तर नुसती प्रतिस्पर्धी होती. झारापपर्यंत त्यांनी समेट करून बघितला. निम्मं निम्मं, खुरीस दोघांनी मिळून हलवायचा. पण आधी कोणाच्या पडवीत टेकवायची इथे येऊन समेट मोडला, कारण टेकल्यावर दुसरा शब्द पाळेल यावर दोघांचाही विश्वास नव्हता. दोघांनीही स्वतःवरून ओळखलं होतं.

विल्सन खिडकीबाहेर बघत होता. त्याने बाजू कोणाची घेतली, हे कोणी विचारलं नाही.

पुढच्या सीटवर अ‍ॅनी नीट, काळजीपूर्वक, एका लयीत घोरत होती.

*

अ‍ॅनीला घोरता येत होतं याचं कारण तिचा वारलेला नवरा, विल्सनचा थोरला भाऊ पास्कू. चाळीस वर्षं शेजारी ऐकलेली गोष्ट माणसाला नक्कल करता येते.

बाबुशबद्दल तिला आश्चर्य नव्हतं. भावजी सरळ माणूस. त्याला बाग विकायची होती आणि तो तसं तोंडावर सांगत होता. पण जॉयसी गेले तीन रविवार येऊन घराचं छप्पर बघून जात होती, भिंतीला हात लावून जात होती, आणि अ‍ॅनीला वाटलं होतं की पावसाआधी पोर कौलं बदलून देणार. तिने शेजारणीला तसं सांगितलंही होतं. आता ते परत घ्यावं लागणार होतं.

म्हणजे बाबुशच्या पडवीत टेकली तरी घर गेलं, आणि स्वतःच्या पडवीत टेकली तरी गेलं. उलट स्वतःच्या पडवीत टेकली तर ते हसून द्यावं लागणार.

ती कुडाळ येईपर्यंत घोरली, कारण विचार करायला ती जागा बरी होती.

कुडाळला जाग आल्यासारखं करून तिने चहा मागितला. हॉटेलात बॅगेला खाली ठेवता येईना, म्हणून विल्सन तिला मांडीवर घेऊन बसला. हात दुखल्यावर सॅविओने घेतली, मग त्याच्यावर विश्वास नाही म्हणून जॉयसीने. शेवटी खुर्ची म्हणजे टेकणं नव्हे, कारण खुर्ची म्हणजे सीट, असं ठरून बॅगेला स्वतंत्र खुर्ची दिली गेली. वेटरने बॅगेपुढेही पाण्याचा ग्लास ठेवला आणि विचारलं, हे काय घेणार. हा कोणाच्या बाजूचा आहे हे ताडणाऱ्या नजरेने जॉयसीने त्याच्याकडे बघितलं.

"विमानात जेवलंस रे काय?" अ‍ॅनीने विल्सनला विचारलं.

दिवसभरात हे त्याला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. तो म्हणाला, दिलं होतं काहीतरी, पांढरं होतं. तिने पिशवीतून कागदात बांधलेलं खाजं काढून त्याच्या हातात ठेवलं. मग पिशवी उलटीसुलटी करून बघितली, शिवण उसवलीय म्हणून चुकचुकली, आणि औषधांची छोटी डबी काढून त्याच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात सरकवली.

"हयसर ऱ्हवांदे. पिशयेतसून पडात."

चेन तिने स्वतः ओढली. सॅविओने बघितलं, जॉयसीने बघितलं. दोघांनीही त्यात काही धरलं नाही. डबी पडली असती तरी ती डबी होती.

गाडीत बसताना अ‍ॅनीने छातीवर हात ठेवला आणि सांगितलं की मालवणच्या रस्त्याला नेरूरपारच्या वळणांवर तिला उलटी होते, पाटावरून चला. जॉयसीचा चेहरा उजळला. मम्मी आपल्या बाजूने खेळतेय, असं तिला वाटलं, आणि तिने लगेच आईच्या पाठीवर हात फिरवला. सॅविओला संशय आला, पण म्हाताऱ्या बाईला उलटी होऊ देऊन घराण्याचं वर्ष मिळवलं, असं पाद्र्याच्या कानावर गेलं तर ते वर्ष अंगाला लागलं नसतं. त्याने गाडी पाटाकडे वळवली आणि बाबुशला फोन केला. या वेळी स्पीकरवर नव्हता.

*

कोर्जाईला बाबली होडी घेऊन थांबलाच होता. जॉयसीने त्याला कालच सांगून ठेवलं होतं; हेही आता उघड झालं. होडी म्हणजे वाहन, टेकणं नव्हे, यावर वाद झाला नाही. सगळे दमले होते.

विल्सन बॅग मांडीवर घेऊन नाळेजवळ, होडीच्या पुढच्या टोकाशी बसला. ऊन उतरलं होतं. ओहोटीचं शेवटचं पाणी खाडीतून समुद्राकडे ओढत होतं. पलीकडचे माड त्याला ओळखीचे वाटले आणि मग लक्षात आलं की माड सगळे सारखेच दिसतात.

तो कोणाचीच बाजू घेत नव्हता, कारण सकाळपासून त्याला कोणी बाजू विचारली नव्हती. तो हमाल होता. हमालाचा एक फायदा असा, की सगळे ओझ्याकडे बघतात, तेव्हा त्याला सगळ्यांकडे बघता येतं. म्हणून त्याला एक गोष्ट खटकत होती. वैनीची पिशवी त्याने गाडीत उचलून दिली होती. तिची शिवण कुठेच उसवली नव्हती.

पलीकडे देवबागेच्या धक्क्याजवळ माणसं दिसायला लागली. जवळ गेल्यावर कळलं. बाबुश, वय अडुसष्ट, पँट गुडघ्याच्या वर दुमडून कमरेपर्यंत पाण्यात उभा होता आणि त्याच्या मागे चार गडी दोन्ही हात पसरून ओळीत. बॅग होडीतून थेट हातात घ्यायची आणि हातोहात, कुठे न टेकवता, अ‍ॅनीच्या दारावरून पुढे आपल्या पडवीत न्यायची असा बेत होता. त्यांच्या बाजूला, जॉयसीच्या सांगण्यावरून, अ‍ॅनीच्या शेजाऱ्यांनी धक्क्यापासून तिच्या पडवीपर्यंत फळ्या टाकून ठेवल्या होत्या. फळ्यांवरून ओढत नेली तर टेकली की नाही, याबद्दल त्यांच्यात आपापसातच मतभेद होते. दोन्ही पक्ष एकमेकांच्या पायांकडे बघत उभे होते.

मध्ये, खाडीच्या तोंडाशी, ओहोटीत उघडी पडणारी वाळूची पट्टी होती. पर्यटक तिला बेट म्हणतात. भजीवाला आपल्या खुर्च्या होडीत भरत होता.

"बाबली," अ‍ॅनी म्हणाली, "वायच वाळवेक लाव. माका ढवळता."

जॉयसी म्हणाली की पाचच मिनिटं मम्मी, समोरच घर. अ‍ॅनीने तोंडावर पदर धरला. बाबलीने होडी लावली. शेवटी होडी त्यालाच धुवायची होती.

अ‍ॅनी उतरली. घोट्याएवढ्या पाण्यातून चालत कोरड्या वाळूवर गेली, वाकली, थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग वळली.

"विल्सू, माझी गोळी रे. बॅग हाड इकडे."

सॅविओ आणि जॉयसी दोघेही पलीकडच्या धक्क्याकडे बघत होते: कोण किती पाण्यात आहे, कोणाचे हात किती लांब पोचतात. विल्सनने वैनीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर उलटीचं काहीही नव्हतं. तो सहा वर्षांचा असताना झाडावरून चोरलेले आंबे तिने त्याच्या बापापासून लपवले होते, तेव्हा जशी बघत होती तशीच ती आता त्याच्याकडे बघत होती.

त्याला डबी फक्त काढूनही देता आली असती. चेन त्याच्या हाताशीच होती.

तो उतरला, बॅग डोक्यावर धरून पाण्यातून गेला आणि तिच्या हातात दिली.

अ‍ॅनीने ती आधी गुडघ्यावर घेतली. मग खाली ठेवली, वाळूवर, चारही चाकांवर, नीट. वरून जरा दाबली. मग चेन उघडून गोळी काढली, भजीवाल्याकडून पाणी मागितलं आणि गिळली.

पलीकडे बाबुशचे पसरलेले हात तसेच होते.

"आंटी," सॅविओ म्हणाला, "खाली ठेवलंस."

"गोळी काय हवेत काढू?" अ‍ॅनी म्हणाली. "टेकली काय रे, विल्सू?"

"टेकली, वैनी."

जॉयसी होडीत उभी राहिली. आईकडे बघता बघता तिला आज सकाळपासूनचं सगळं आठवलं असावं: पाटाचा रस्ता, उसवलेली पिशवी, आणि इन्सुलीपासून एकही श्वास न चुकलेलं ते घोरणं. तिचा आवाज कचेरीतला झाला.

"ही जागा नेमकी कोणाच्या मालकीची आहे?"

"हीऽ?" बाबलीने विचार केला. "भरतीची."

*

लादीन कुठे म्हणायची हे ठरलेलंच होतं. कसालला स्टँडवर म्हटली होती तर इथेही म्हणायला हवी, हे बाबुशनेच रागाने ओरडून सांगितलं, कारण नियम आपल्या बापाचा होता आणि तो आपल्या बाजूने नसतानाही आपलाच होता. तीन होड्यांतून सगळी वाडी आली. मेणबत्त्या ओल्या वाळूत रोवल्या. चण्याचं टोप दोघांनी डोक्यावरून आणलं. भजीवाल्याने खुर्च्या परत उतरवल्या. आता त्याला कळलं होतं की हे वर्ष त्याच्या स्टॉलजवळ आलंय, आणि तो एकदम गंभीर झाला होता.

लादीन अर्ध्यावर आली तेव्हा पहिली मेणबत्ती विझली. वाऱ्याने नाही. पाण्याने.

बाबुश खुर्चीवर बसला होता, पाय पाण्यात. त्याने सॅविओकडे बघितलं नाही, जॉयसीकडे बघितलं नाही. जॉयसी आईच्या खुर्चीमागे उभी होती, आणि तिचा हात आईच्या खांद्यावर होता की खुर्चीच्या पाठीवर, हे लांबून नीट कळत नव्हतं. अ‍ॅनीने तो झटकला नाही. फक्त एकदा, मान न वळवता, म्हणाली की येत्या रविवारी येशील तेव्हा कौलं घेऊन ये.

"वैनी," बाबुश शेवटी म्हणाला, "पार्टी परवा येतली. होय-नाय कोणाक विचारू मी?"

अ‍ॅनीने तोंडातले चणे चावून संपवले. समुद्राकडे बोट दाखवलं.

"हयसरच बस, भावजी. मालक येतलो आता."

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं तसे सगळे लादीन म्हणतच होड्यांकडे सरकायला लागले. टोप नेलं, खुर्च्या नेल्या, विझलेल्या मेणबत्त्यासुद्धा कोणीतरी गोळा केल्या. निळी बॅग तेवढी वरच्या कोरड्या वाळूवर राहिली. दिवसभर जिला कोणी हातातून सोडलं नव्हतं, तिच्याकडे आता कोणी वळूनही बघेना. पहिली लाट चाकांना लागली, दुसरीने तिला किंचित उचललं.

मग विल्सन परत गेला आणि तिला घेऊन आला. तिच्यात त्याचे कपडे होते.